एकटी? हो, एकटीच!

आधीच सांगून टाकते. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी सुधारल्या असतील तर त्यांचे आभार, आणि राहिल्या असतील तर त्या माझ्या! खरं तर हा लेख मी इंग्रजी विभागासाठी लिहिणार होते. पण ज्यांनी तो वाचावा असं मला वाटतं, त्यातले निम्मे लोक (माझे पप्पा धरून) इंग्रजी पानं भराभर उलटून थेट मराठी विभागावर येतात. म्हणून मराठीत.

विषय साधा आहे. मला उन्हाळ्याच्या सुट्टीत सायकल घेऊन नेपाळला जायचंय. थोडं चालायचं, थोडी सायकल, रात्री तंबू. आणि एकटीने.

नेपाळच का? कारण परदेश म्हटलं की पासपोर्ट, व्हिसा आणि पप्पांचं द्राक्षाचं आख्खं पेमेंट डोळ्यांपुढे येतं. नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रावरसुद्धा जाता येतं. मनमाडहून गोरखपूरला थेट गाडी आहे, सायकल पार्सलने टाकायची. गोरखपूरहून सुनौलीची सीमा सुमारे 100 किलोमीटर. पलीकडे लुंबिनी, मग बुटवल. बुटवलपर्यंत रस्ता आपल्या निफाडसारखा सपाट. तिथून मात्र सिद्धार्थ राजमार्गाने डोंगर सुरू होतो आणि तानसेनपर्यंत हजार मीटरहून जास्त चढावं लागतं. पुढे पोखरा. सगळा हिशोब मी वहीत मांडलाय. गिअर रेशो, रोजचे किलोमीटर, सामानाचं वजन, सगळं. सर्व्हेच्या जर्नलपेक्षा ती वही नीट आहे, हे आमच्या सरांनी वाचू नये.

आता प्रतिक्रिया ऐका.

रूममेट : "एकटी? वेड लागलंय का तुला?"
मम्मी : "लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर जा ना कुठं जायचंय तिथं."
वर्गातली मुलं : "आम्ही येतो की सोबत!"
आजी : "कुठल्या देवाला चाललीस?"

सगळ्यात विचार करायला लावणारा प्रश्न आजीचा. त्याच्याकडे नंतर येते.

पहिली अडचण भाषेचीच आहे. शाळेत इंग्रजीत आम्हाला 'अलोन' आणि 'लोनली' असे दोन वेगळे शब्द शिकवले. एक म्हणजे सोबत कोणी नाही, दुसरं म्हणजे त्याचं दुःख. मराठीत 'एकांत' हा किती छान शब्द आहे! पण तो साधूसंतांना किंवा नवीन जोडप्यांना. वीस वर्षांच्या मुलीला फक्त 'एकटी'. आणि 'एकटी' म्हटलं की ऐकणाऱ्याचा आवाज आपोआप खाली जातो, कुणीतरी टाकून दिल्यासारखा. मुलगा फिरला तर तो 'भटक्या', म्हणजे कौतुक. मुलगी फिरली तर 'उंडारते'. शब्दकोशातच आमचं रिझर्व्हेशन कन्फर्म होत नाही, तर रेल्वेत काय होणार!

मला वाटायचं हे प्रश्न फक्त मलाच विचारले जातात. मग कळलं की ते बरेच जुने आहेत. फेब्रुवारी 1883 मध्ये आनंदीबाई जोशींनी बंगालमधल्या श्रीरामपूरला (आपलं नगरचं नव्हे) एक जाहीर भाषण केलं होतं. वैद्यकीच्या शिक्षणाला अमेरिकेला निघाल्या होत्या. लोक नावं ठेवत होते, म्हणून लोकांचे प्रश्न एकेक करून त्यांनी घेतले. अमेरिकेला का जाता? इथे शिकायची सोय नाही का? एकट्याच का जाता? परत आल्यावर वाळीत टाकणार नाहीत का? काही बरंवाईट झालं तर? आणि आजवर कुठल्या बाईने केलं नाही ते तुम्हीच का करता? तेव्हा त्यांना अठरावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. नवरा बरोबर नव्हता, ओळखीच्या मिशनरी बायकांची तेवढी सोबत. 1886 मध्ये डॉक्टर झाल्या.

ते सहा प्रश्न पुन्हा वाचा. 'वाळीत टाकणं' सोडलं तर बाकीचे पाच मला या सत्रात हॉस्टेलच्या मेसमध्येच विचारून झालेत. आपण ब्रॉडगेज आणली, मोबाईल आणला, पण प्रश्नपत्रिका तीच ठेवली! (आणि प्रामाणिकपणे हेही लिहिते की 'बरंवाईट झालं तर' हा प्रश्न खोटा नव्हता. आनंदीबाई 1887 मध्ये क्षयाने गेल्या, बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. धोका असतोच. त्यावरही पुढे बोलू.)

आता अलीकडचं. पुण्याची वेदांगी कुलकर्णी. इंग्लंडमध्ये बोर्नमथला शिकत होती. जुलै 2018 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून सायकलवर निघाली आणि डिसेंबर 2018 मध्ये कोलकात्याला पोचली. 159 दिवस, 14 देश, सुमारे 29,000 किलोमीटर. वय? निघाली तेव्हा एकोणीस, प्रवासात वीस पूर्ण. म्हणजे माझ्याएवढी. प्रवासाचा बहुतेक भाग एकटीने. कॅनडात अस्वल मागे लागलं. स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं. रशियात बर्फात एकटीने तंबू टाकून रात्री काढल्या. व्हिसाच्या अडचणींमुळे वेळ गेला तो वेगळाच. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या जेनी ग्रॅहमने 124 दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, तिला व्हिसासाठी आपल्याएवढ्या रांगा नव्हत्या. पासपोर्टचा रंगसुद्धा हवेच्या विरोधासारखाच असतो, कितीही पेडल मारा, तो मागे ओढतो.

यावर कॅन्टीनमध्ये एकाने लगेच सांगितलं, "तिचं ठीक आहे, घरचे इंग्लंडला शिकायला पाठवू शकतात." बरोबर आहे त्याचं. मी वाद घातला नाही. पण मग मला 1923 आठवतं. ऑक्टोबर 1923 मध्ये मुंबईतले सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यातल्या तिघांनी, म्हणजे अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा यांनी, तो पूर्ण केला आणि मार्च 1928 मध्ये ते परत आले. सुमारे 71,000 किलोमीटर. ना गिअर, ना जीपीएस, ना स्लीपिंग बॅग. त्यांच्याबद्दल आपल्याला कुठल्याच इयत्तेत शिकवलं नाही. पण तेही तिघं होते, आणि मुलगे होते. हा मुद्दा माझ्या मम्मीने काढला, माझ्याआधी.

आता आजीचा प्रश्न. "कुठल्या देवाला चाललीस?"

मी पिंपळगाव बसवंतची. आमचं घर आग्रा रोडपासून जवळ. लहानपणापासून मी एक बघत आलेय, आमच्याकडे बायका चालतात, आणि खूप चालतात! चैत्रात खानदेशातून सप्तशृंगगडाला पायी जाणाऱ्यांच्या झुंडी येतात. त्यात सत्तरीच्या म्हाताऱ्या असतात, कडेवर पोरं घेतलेल्या आया असतात. रात्री शाळेच्या व्हरांड्यात, देवळाच्या ओट्यावर पथारी टाकतात. याला इंग्रजीत कॅम्पिंग म्हणतात, बाई! ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला निघते, त्यातही बायका असतात. मार्च 2018 मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा नाशिकहून मुंबईला पायी गेला, जवळपास 180 किलोमीटर. सुरगाण्याकडच्या कितीतरी आदिवासी बायका त्यात अनवाणी होत्या. शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीत चालून काढला, कारण सकाळी मुंबईत दहावीची परीक्षा होती आणि मुलांना त्रास नको. आणि दरवर्षी द्राक्षाच्या छाटणीला, काढणीला पेठ-सुरगाण्याकडून मजूर येतात. बागेच्या कडेला प्लास्टिकचा कागद टाकून बायकापोरांसह महिनोन्‌महिने राहतात. त्यांना कोणी विचारत नाही की रात्री भीती वाटत नाही का.

म्हणजे चालणं चालतं. उघड्यावर झोपणंही चालतं. फक्त कारण पाहिजे. देव हे कारण चालतं, पोट हे कारण चालतं, मोर्चा हे कारण चालतं. 'मला बघायचंय' हे कारण चालत नाही. आजीला माझं एकटी जाणं खटकलंच नाही. देव नसताना जाणं खटकलं! आणि मी तंबूत हौसेने झोपणार आणि ती मजूर बाई कागदाखाली नाइलाजाने, यातला फरक मला कळतो. म्हणूनच मी स्वतःला शूर वगैरे म्हणवून घेणार नाही. शूर कोण ते बागेच्या कडेला जाऊन बघावं. मला एवढंच म्हणायचंय की ज्या मुलखात बाई पोटासाठी रस्त्यावर झोपली तर चालतं, त्या मुलखाने मुलगी आनंदासाठी झोपली तर संस्कृती बुडते असं म्हणू नये.

बरं, धोक्याचं काय? धोका आहे. स्पेनमधला चाकू खरा होता. हायवेवरचे ट्रेलर खरे आहेत, आमच्या घरासमोरूनच जातात. पण मित्रांनो, आपण इंजिनिअर होतोय ना? पूल पडू शकतो म्हणून आपण पूल बांधणं सोडत नाही. लोड काढतो, फॅक्टर ऑफ सेफ्टी धरतो आणि बांधतो. मुलींच्या बाबतीत मात्र आपली डिझाईन पद्धत एकच : नदीच ओलांडू नका.

नेपाळचंच उदाहरण बघा. एकटे ट्रेकर हरवायला लागले, तेव्हा 1 एप्रिल 2023 पासून नेपाळने परदेशी ट्रेकर्सना संरक्षित क्षेत्रांतल्या मार्गांवर गाइड घेणं बंधनकारक केलं. म्हणजे तिथल्या डोंगरात पायी मला एकटीला जाता येणार नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. का? कारण तो नियम बाई-पुरुष बघत नाही. धोका कुठे आहे ते बघतो आणि त्यावर उपाय सांगतो. मी तेवढ्या दिवसांचा गाइडचा खर्च वहीत धरलाय. बाकीचा रस्ता एकटी. नियम असावा तर असा.

आता माझा प्रयोग सांगते, नाहीतर म्हणाल नुसतं लेक्चर देते. दिवाळीच्या सुट्टीत मी घरच्यांना म्हटलं, नेपाळ राहू दे, आधी गडावर जाऊन येते. पिंपळगावहून वणी, वणीहून नांदुरी. सायकलवर. रात्री नांदुरीजवळ मावशीच्या मळ्यात तंबू (मावशीच्या मळ्यात! हसा. पण तंबू तंबूच असतो), दुसऱ्या दिवशी गडाचा दहा किलोमीटरचा घाट पायी, मग परत. मम्मीने दोन दिवस बोलणं टाकलं. पप्पा म्हणाले, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. पण मी पहाटे साडेपाचला सामान बांधलं तेव्हा तेच उठून टायरची हवा बघत होते.

रस्त्यात मला किती जणांनी थांबवलं हे मी मोजलं. अकरा. त्यातल्या दहा जणांचा प्रश्न एकच, "एकटीच?" अकरावी एक म्हातारी होती, टोमॅटो तोडत होती. तिने विचारलं, "जेवलीस का?" आणि भाकरी दिली. बाकीच्या दहा जणांतही वाईट कोणी नव्हतं हे सांगायला हवं. एकाने पाणी दिलं, एकाने पुढचा खड्डा सांगितला. काळजी आणि चौकशी आपल्याकडे एकाच वाक्यात येते, त्याला इलाज नाही.

वणीच्या अलीकडे मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. रस्त्याच्या कडेला सायकल उलटी केली, चाक काढलं, ट्यूब बाहेर काढली, पाण्याच्या बाटलीतलं पाणी शिंपडून भोक शोधलं, पॉलिश पेपर मारला, सोल्यूशन, पॅच. हॉस्टेलच्या स्टँडवर दहा वेळा केलेलं काम, तिथे पस्तीस मिनिटं लागली, कारण चार बघे जमले आणि चौघांनी चार सल्ले दिले. मान वर केली तर लांब एका लिंबाखाली एक पिकअप उभी. मागे 'आई सप्तशृंगी प्रसन्न' लिहिलेलं. इकडे अशा शंभर गाड्या आहेत. पण त्या अक्षरांतला 'प्र' अर्धा गेलेला फक्त आमच्याच गाडीचा आहे.

मी ओळख दाखवली नाही. हवा भरली आणि निघाले. पुढे वळून बघितलं तर गाडी नव्हती.

संध्याकाळी फोन आला. "पोचलीस का?" मी म्हटलं, "हो पप्पा. तुम्ही कुठे?" "घरीच. कुठे असणार?" बस्स. दोघंही साळसूद!

घरी परतल्यावर जेवताना ते आपणहून म्हणाले, "वणीपर्यंत आलो होतो मागं. तू पंक्चर काढलंस ते बघितलं, मग फिरलो. लिलावाची वेळ झाली होती."

मी एवढंच म्हटलं, "पप्पा, तुम्ही आयुष्यभर सोलो कॅम्पिंगच करत आलात. कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन रात्री एकटे बाजार समितीत जाता, ट्रॉलीखाली झोपता, सकाळी लिलाव करून येता. तुमच्या मागे कोणी पिकअप घेऊन आलं का कधी?" ते हसले, उत्तर दिलं नाही. नेपाळला हो म्हणालेत असं समजू नका. पुन्हा 'बघू'च आहे. पण या वेळचा 'बघू' मला जरा वेगळा ऐकू आला.

मला त्यातून एक कळलं. पप्पा माझ्या हट्टामुळे परत फिरले नाहीत, भाषणामुळे तर नाहीच. पॅच नीट बसला म्हणून फिरले. विश्वास हा मागून मिळत नाही, तो दाखवावा लागतो. पण दाखवायला आधी रस्त्यावर तर जाऊ द्यायला हवं ना? पाण्यात न उतरवता पोहण्याचं सर्टिफिकेट मागायचं, हे काही बरोबर नाही.

म्हणून आता रेक्टर मॅडम आणि स्टाफला एक नम्र विनंती. आपल्याकडे मुलीला एक रात्र बाहेर जायचं तर पालकांचं पत्र, शिवाय पालकांचा फोन, आणि कारण. मुलांनी नुसती रजिस्टरमध्ये सही करायची. गेल्या वर्षी मुलांचा एक ग्रुप पावसात ट्रेकला गेला, रात्री वाट चुकला, आणि ते नेमके कुठे गेलेत हे हॉस्टेलमध्ये कोणालाच माहीत नव्हतं. रजिस्टरमध्ये फक्त 'आऊट' लिहिलेलं. मॅडम, तुम्ही त्या रात्री झोपला नव्हता, आम्ही पाहिलंय. तेव्हा सांगा, या नियमाने नक्की कोणाची काळजी घेतली?

माझी सूचना अशी. मुलगा असो की मुलगी, सगळ्यांना एकच फॉर्म. त्यात 'कारण' हा रकाना नको. त्याऐवजी चार गोष्टी : कुठल्या रस्त्याने जाणार, मुक्काम कुठे, रोज किती वाजता कोणाला फोन करणार, आणि फोन आला नाही तर काय करायचं. पहिल्यांदा जाणाऱ्याने आधी फर्स्ट एड आणि पंक्चर एवढं शिकलेलं असावं. कागद एकच, खर्च शून्य. पालकांना कळवायचं तर सगळ्यांच्याच कळवा. माझ्या पप्पांना कळवलेलं मला आवडेल, पण शेजारच्या हॉस्टेलमधल्या पोरांच्या पप्पांनाही कळू द्या की त्यांचा दिवटा कुठल्या डोंगरावर आहे!

काहीजण म्हणतील, एक अपघात झाला तर कॉलेजचं नाव खराब होईल. होऊ शकतं. पण कारणाचा रकाना असला की मुली काय करतात ते सांगू? 'मामाचं लग्न' लिहितात. एकीच्या मामाची या वर्षात तीन लग्नं झालीत. खोटं कारण लिहून गेलेली मुलगी जास्त धोक्यात असते, कारण ती कुठे आहे हे खरंच कोणाला माहीत नसतं. खरं सांगून जाता आलं तर तोच सगळ्यात मोठा फॅक्टर ऑफ सेफ्टी.

असो. जागा संपत आली. मी नेपाळला जाईन की नाही ते मे महिन्यात कळेल. गेले तर पुढच्या अंकात प्रवासवर्णन, नाही गेले तर पुढच्या अंकात पुन्हा हाच लेख, जास्त रागाने!

तोपर्यंत दर रविवारी चार वाजता मेसमागच्या सायकल स्टँडवर मी पंक्चर काढायला शिकवते. फी एक चहा. मुलींनी यावं. मुलांनीही यावं, कारण मागच्या रविवारी जे तिघं 'आम्ही येतो की सोबत' म्हणत आले होते, त्यातल्या एकालाही टायर रिममधून काढता आला नाही.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल